पानामागे किती?

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत ज्या विषयांवर बोलणे होते, त्यांत साहित्याचा नंबर फार खाली लागतो. पेपरांची तपासणी, पगाराची तारीख, कोणाच्या डब्यात काय आहे, आणि मग वेळ उरलाच तर साहित्य. तो सहसा उरत नाही. म्हणून गेल्या जुलैत आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका तरुण शिक्षिकेने आपला डबा माझ्या टेबलाकडे सरकवला आणि आवाज अगदी खाली आणून मला प्रश्न विचारला, तेव्हा मला जरा नवल वाटले.

"सर, तुम्ही मासिकांत लिहिता ना? मलाही लिहायचंय. घर, बाग, मुलांचे डबे, असलं काहीतरी. पण एक विचारू का? त्याचे पैसे मिळतात का हो?"

आपल्याकडे माणसे असा आवाज दोनच प्रसंगी काढतात. एक, मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे का हे विचारताना. आणि दुसरा, लेखनाचे पैसे मिळतात का हे विचारताना.

"मिळतात," मी म्हटले, "पण मागावे लागतात."

"कसे मागायचे?"

तेवढ्यात घंटा झाली, आणि उद्या लिहूनच देतो असे सांगून मी सुटका करून घेतली. रात्री टिपण करायला बसलो. चार ओळींचे काम वाटले होते. पण पहिल्याच ओळीला अडलो. कारण हा प्रश्न पूर्वी मला एकाच माणसाने विचारला होता, आणि त्याला मी खोटे उत्तर दिले होते.

तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. आजच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. शिशाचे एकेक अक्षर खणातून उचलायचे, हातातल्या पट्टीत उलटे लावायचे, ओळ झाली की दुसरी ओळ. पान झाले की ते दोऱ्याने बांधायचे. छपाई झाली की तीच अक्षरे पुन्हा आपापल्या खणांत टाकायची. दिवाळीपूर्वीचे दोन महिने त्यांची रात्रपाळी असे. पहाटे ते घरी येत तेव्हा बोटांची टोके काळी असत आणि खिशात एखादे ओलसर प्रूफ असे. पुण्यातल्या घरोघरी दिवाळी वसुबारसेला सुरू होते. आमच्याकडे ती शेवटचा दिवाळी अंक बांधणीला गेला की सुरू होई. कधीकधी तोवर भाऊबीज होऊन गेलेली असे.

अण्णांचे साहित्याचे ज्ञान मोठे होते, पण ते पानांच्या हिशेबातले होते. त्यांची मजुरी पानावर असे. त्यामुळे ज्यांच्या गोष्टींत संवाद फार असत ते लेखक सगळ्या कंपोझिटरांचे लाडके. कारण संवादाची ओळ अर्ध्यात संपते, पुढे नुसती मोकळी जागा भरायची, आणि पान तर पूर्ण मोजले जाते. उलट, जे विद्वान पाऊण पानाचे वाक्य लिहीत त्यांच्याविषयी अण्णांचे मत फारसे चांगले नव्हते. मी पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा त्यांत संवाद जास्त आहेत असे एका परीक्षणकर्त्याने म्हटले. त्यांना त्याचे मूळ कोठे आहे हे ठाऊक नसावे.

१९९६ साली दोन गोष्टी झाल्या. छापखान्यात संगणक आला आणि मालकांनी शिसे वजनावर विकून टाकले. आणि मी मॅट्रिक झालो. मॅट्रिक हा अण्णांचा शब्द. प्रमाणपत्रावर दहावी असे म्हणतात. कॉलेजचा विषय घरात कोणी काढला नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा मी दिल्या होत्या, हात बरा होता, आणि एका खासगी शाळेला कमी पगाराचा चित्रकलाशिक्षक हवा होता. अण्णा घरी बसून पानामागे ठरलेल्या दराने प्रुफे तपासू लागले. जुळवण्याची लाल-निळी पेन्सिल झाली, एवढाच फरक.

मॅट्रिकच्या पुढे न गेल्याचे मला अनेक वर्षे वाईट वाटे. ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला नापास झाले होते, ही हकीकत मी अंगावर पांघरूण घ्यावे तशी पुष्कळ वापरली आहे. पण १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा त्या पांघरुणाखाली काय होते ते साऱ्या महाराष्ट्राला दिसले. माझ्या पांघरुणाखाली पाचशे प्रतींची एक कादंबरी होती, आणि त्यातल्या बऱ्याच प्रती माझ्याच कॉटखाली होत्या.

कादंबरीच्या आधी एका वाङ्मयीन मासिकात माझी कथा आली. पोस्टमनने अंक आणून दिला. मी तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी आधी पाने चाळली, मग माझी कथा काढली, मग बोटाने पाने मोजली. सात होती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारले,

"पानामागे किती?"

"काय?"

"पैसे रे."

"अंक दिला ना," मी म्हटले.

"अंक मलाही मिळायचा," अण्णा म्हणाले, "शिवाय पगार."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखरच कोडे पडले होते. कागदवाल्याला पैसे मिळतात, खिळे जुळवणाऱ्याला मिळत, छापणाऱ्याला, बांधणाऱ्याला, अप्पा बळवंत चौकात अंकाचा गठ्ठा घेऊन बसणाऱ्यालाही कमिशन मिळते. मग ज्याच्यामुळे ही सारी यातायात झाली तो लेखक तेवढा वगळायचा, हे त्यांच्या हिशेबात बसेना. मी त्यांना मानधन म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझाच गोंधळ झाला. शिक्षकाला वेतन, मजुराला मजुरी, डॉक्टरला फी, भटजीला दक्षिणा; या सगळ्या शब्दांत देणाऱ्याचा हात खिशाकडे जातो हे स्पष्ट दिसते. मानधन या शब्दात मात्र मान आधी येतो आणि धन मागून. पुष्कळदा मान येऊन पोचतो आणि धन वाटेत कोठेतरी उतरते.

मी संपादकांना दोष देत नाही. आपल्याकडची वाङ्मयीन मासिके कशी चालतात हे मी पाहिले आहे. संपादक स्वतःच्या स्कूटरवरून गठ्ठे पोस्टात नेतो, वर्गणीदार वर्गणी संपल्यावर दोन वर्षे अंकाची वाट पाहतो आणि मग चौथ्या स्मरणपत्राला मासिकाचा दर्जा घसरल्याचे कळवतो. ज्याला स्वतःलाच काही मिळत नाही त्याच्याकडे मागायचे कसे? मी मागितले नाही. पण मागण्याचा संकोच आणि न मागण्याचा मोठेपणा या दोहोंतले अंतर मला तेव्हा कळत नव्हते, आणि संकोचालाच मी मोठेपणा समजत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या कथेच्या वेळी मी अण्णांशी खोटे बोललो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, प्रुफांचे काम निम्म्यावर आले होते, आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "पाचशे मिळाले," मी म्हटले, आणि माझ्या पगारातली पाचशेची नोट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती देवापुढे ठेवली. संध्याकाळी स्वतः कोपऱ्यावर जाऊन पाव किलो पेढे आणले आणि वाड्यात वाटले. "पोराच्या लिहिण्याचे," असे ते प्रत्येक दाराशी सांगत होते, आणि मी खिडकीतून ऐकत होतो.

पुढे महिनाभराने ते त्याच मासिकाची प्रुफे पोचवायला छापखान्यात गेले होते. तेथे हिशेब लिहिणारे गृहस्थ त्यांच्या जुन्या ओळखीचे. बोलता बोलता अण्णांनी माझ्या पाचशे रुपयांचा विषय काढला असावा. काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही. त्या रात्री मी मुलांच्या वह्या तपासायला रंगपेटी उघडली तर तीत पाचशे रुपये होते; पेढ्यांचे पैसेही कापलेले नव्हते. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. या विषयावर ते कधीही एक शब्द बोलले नाहीत.

मला पैशाची गरज होती हे खरेच. पण त्या रात्रीनंतर मी जो लेखनाचे पैसे शोधायला निघालो तो केवळ गरजेपोटी नव्हे. मला एकदा खरे उत्तर द्यायचे होते.

वाट दाखवली ती पत्नीने, आणि तीही रागाच्या भरात. ती एक स्त्रियांचे मासिक वाचत असे. त्यात दिवाळीच्या रांगोळ्या दिल्या होत्या. सकाळी उंबऱ्यापुढे बसून तिने सांगितल्याप्रमाणे ठिपके घातले आणि अर्ध्या तासाने मासिक घेऊन तरातरा आत आली. "अहो, हे बघा काय छापलंय! पंधरा ते एक ठिपके म्हणे. आकृती तर षट्कोनी आहे. जुळणार कशी?" मी पाहिले. मधल्या ओळीत पंधरा आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करीत आठावर थांबायचे, म्हणजे १५ ते ८, तेव्हाच षट्कोन होतो. एकापर्यंत गेले की शंकरपाळ्याचा आकार येतो. हे आमच्या सातवीतल्या मुलींना कळते. "तुम्ही हे का नाही लिहीत?" पत्नीने विचारले. मी कादंबरीकार आहे असे मी म्हणणार होतो. पण तिच्या हाताला रांगोळी लागलेली होती आणि मुद्रा बरी नव्हती, म्हणून म्हटले नाही.

अशा मासिकांविषयी माझ्या मनात तुच्छता होती. ती कोठून आली होती कोण जाणे, कारण आपल्या वाङ्मयाचा इतिहास नीट पाहिला तर तिला काहीच आधार नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली याच पुण्यात साप्ताहिक काढले त्याचे नाव त्यांनी 'करमणूक' असे ठेवले, आणि त्या नावाखाली मराठी कादंबरी वाढली. दिवाळी अंकाची चाल १९०९ साली पाडली ती काशिनाथ रघुनाथ मित्रांनी, आणि त्यांच्या मासिकाचे नाव 'मनोरंजन'. 'किर्लोस्कर' मासिक तर १९२० साली नांगर आणि यंत्रे करणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार, हे वाचून मला जातभाई भेटल्यासारखे वाटले. त्यांनीच १९३० साली 'स्त्री' काढले. त्याच 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. घरात काय शिजते, कोण शिजवते आणि का शिजवते, हे प्रश्न वाङ्मयाबाहेरचे आहेत असे यांपैकी कोणाला वाटले नव्हते. ते मला वाटत होते. मी तर अजून एका कादंबरीचाच लेखक होतो.

मी त्या मासिकाला पत्र लिहिले. रांगोळीची चूक दाखवली, बरोबर आकृती काढून पाठवली, आणि खाली लिहिले की घरच्या घरी आकाशकंदील करण्यावर सचित्र लेख देऊ शकेन. आठ दिवसांनी फोन आला. संपादिकाबाई मोठ्या अगत्याने बोलल्या. चूक मान्य केली, लेख मागितला. शब्द किती, चित्रे किती, सगळे झाले. मग माझ्या कपाळावर घाम आला. मी विचारले,

"मॅडम, एक विचारायचं होतं. ते... मानधनाचं..."

"हो, देतो ना. तुमची किती अपेक्षा आहे, सर?"

या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. आयुष्यात प्रथमच माझ्या लिहिण्याची किंमत मला विचारली जात होती आणि ती मला ठाऊक नव्हती. "तुम्ही द्याल ते," असे मी म्हणालो. त्यांनी दिले ते तीनशे होते. ते देणाऱ्याच्या दृष्टीने योग्यच होते. ज्याने किंमत सांगितली नाही त्याला हलकेच दिले जाते, हे मंडईत रोज दिसते, मला ते छापखान्याच्या इतक्या जवळ राहून दिसले नव्हते.

दुसऱ्या वेळी मी आकडा सांगितला. रात्रभर तो आकडा तोंडात घोळवला होता. बाई क्षणाचाही विलंब न लावता "चालेल" म्हणाल्या. त्या "चालेल"ने मला पुढचे दोन दिवस झोप लागू दिली नाही. आणखी मागितले असते तर?

पुढे हळूहळू या धंद्याच्या खुब्या कळत गेल्या. त्या तरुण शिक्षिकेला मी दुसऱ्या दिवशी ज्या सांगितल्या त्या याच. मासिक हाती आले की ते शेवटून वाचावे. आधी जाहिराती पाहाव्यात. दागिन्यांच्या, मसाल्यांच्या आणि गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती असतील तर तेथे लेखकाला देण्याइतके पैसे येत असतात, आणि वाचक कोण आहे हेही संपादकीयापेक्षा जाहिरातींतून लवकर कळते. मग ती कोणी न वाचणारी बारीक टायपातली चौकट वाचावी, जीत संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे आणि पत्ता असतो. पत्र 'संपादक महोदय' अशा हवेतल्या माणसाला न लिहिता त्या पुरवणीचे किंवा सदराचे काम कोण पाहते ते विचारून त्याला लिहावे. संपूर्ण लेख आधी पाठवू नये. विषय, तो आपणच का लिहावा, आणि केव्हा देऊ, एवढे चार ओळींत कळवावे. ऋतू एक पाऊल पुढे धरावा. दिवाळीचे विषय आषाढात सुचावे लागतात. लोक छत्र्या घेऊन हिंडत असतात तेव्हा आपण फराळावर लिहायचे आणि होळीच्या सुमारास उन्हाळी सुट्टीवर. मजकूर युनिकोडमध्ये हवा की श्रीलिपीत, हेही विचारून घ्यावे. नाहीतर एकातून दुसऱ्यात जाताना वेलांट्या शब्द सोडून रस्त्याला लागतात. आणि किती, केव्हा आणि कसे देणार, हे तीन प्रश्न लेखाला हात घालण्यापूर्वी विचारावेत. लेख छापून आल्यावर विचारले की तोच प्रश्न तक्रारीसारखा ऐकू येतो. एका ठिकाणी मी असा उशिरा विचारला. तेथून मला अद्याप उत्तर आलेले नाही. त्या नियतकालिकाने मध्यंतरी लेखकांच्या सन्मानाचा एक सोहळा केला, त्याचे निमंत्रण मात्र आले होते.

हक्काची गोष्ट मला आणखी उशिरा कळली. एका संपादकांनी लेखाबरोबर सही करून पाठवायला एक कागद दिला; त्यात सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे, असे होते. मी ग्रंथालयात जाऊन १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. मॅट्रिक झालेल्या माणसाला कायद्याचे इंग्रजी जड जाते, पण आपल्याच मालमत्तेविषयी असले की कळते. लेखनाचा पहिला मालक लेखक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि लेखकाच्या सहीनिशी द्यावे लागतात. आणि किती मुदतीसाठी ते लिहिलेले नसेल तर पाच वर्षेच धरायची. नुसता लेख छापला म्हणून तो छापणाऱ्याचा होत नाही. मी 'कायमचे' खोडून 'एकदा छापण्यापुरते' असे लिहिले आणि कागद परत पाठवला. मला वाटले होते वादळ होईल. काहीच झाले नाही. लेख आला, पैसे आले. कागदावर काय लिहिले आहे हे कदाचित त्यांनीही पाहिले नसावे.

त्याच ग्रंथालयात एक दिवस इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनची हकीकत वाचली. १७५९ साली त्याची आई गेली. तिच्या अंत्यविधीचा आणि किरकोळ देण्यांचा खर्च भागवावा म्हणून त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' ही कथा लिहून काढली, आणि तिचे शंभर पौंड घेतले. इंग्रजी वाङ्मयात ती अजून वाचली जाते. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. जॉन्सनने ते शंभर पौंड मागताना आवाज खाली आणला असेल का, हा विचार माझ्या मनात आला, आणि तसा त्याने आणला नसावा असे वाटले.

आकाशकंदिलांनी मला आणखीही एक गोष्ट दिली. कादंबरीत माझे एखादे प्रकरण ढिले पडले तरी वाचक पाने उलटून पुढे जातो. पण चांदणीच्या कंदिलाच्या कामट्या किती इंचांच्या हे मी चुकीचे लिहिले, तर समोर कात्री, खळ आणि पतंगाचा कागद घेऊन बसलेली गृहिणी आणि तिची दोन मुले मला क्षमा करणार नाहीत. म्हणून मी प्रत्येक कंदील आधी स्वतः करून पाहतो. आमच्या दोन खोल्यांत तेव्हा चालायला जागा राहत नाही. एका वर्षी एका बाईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, "तुमच्या मापाने कंदील केला. शेवटचं टोक बरोबर जुळलं." माझ्या दोन्ही कादंबऱ्यांविषयी इतके नेमके मला कोणी लिहिलेले नाही.

(या लेखाचे मानधन मी विषय ठरला त्याच फोनवर विचारले. संपादकांनी आकडा सांगितला. तो येथे लिहिणे बरे नव्हे, पण मी दोन दिवस जागा राहिलो नाही.)

आता राहिले ते अण्णांचे उत्तर. २०१७ च्या नवरात्रात एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी मी तीन पानांचा लेख दिला आणि दीड हजार मागितले. ते तेथे सगळ्यांच्या खात्यावर परस्पर पैसे भरतात. पण मी हट्टाने चेक मागितला. का, ते त्यांना सांगितले नाही. दिवाळी झाल्यावर चेक आला. मराठीत लिहिलेला, हिशेबनिसाच्या सुबक अक्षरातला. मी शाळेतून आल्याबरोबर तो अण्णांच्या हातात दिला आणि हातपाय धुवायला आत गेलो. खरे सांगायचे तर ते वाचत असताना समोर उभे राहण्याचा मला धीर झाला नाही.

बाहेर आलो तो अण्णा खिडकीशी बसलेले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळा चेकच्या अगदी जवळ नेलेला, आणि हातात लाल पेन्सिल. हिशेबनिसाने माझ्या नावातली दुसरी वेलांटी ऱ्हस्व काढली होती. अण्णांनी ती काट मारून दीर्घ केली होती, आणि बाहेर समासात, म्हणजे बँकेचे नाव छापलेले असते तेथे, प्रुफांत करतात तशी दुरुस्तीची खूणही ओढली होती.

"नाव तरी नीट लिहावं माणसाने," ते म्हणाले.

चेकवरची खाडाखोड बँकेला चालत नाही हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. "मग गेले का रे पैसे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही गेले, दुसरा मागून आणतो. आणि बोलताना माझ्या लक्षात आले की 'मागून आणतो' हे शब्द मी मोठ्याने, वाड्याच्या चौकात ऐकू जातील असे म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कचेरीत गेलो आणि तो चेक हिशेबनिसांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून खूण पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "हे कोणी केलं?" "वडिलांनी. प्रुफं तपासायचे." ते काही बोलले नाहीत. आधी त्यांनी आपल्या वहीत माझ्या नावाची वेलांटी दीर्घ केली, आणि मग दुसरा चेक लिहिला.

या वेळी मी अण्णांच्या समोर उभा राहिलो. त्यांनी नाव तपासले, आकडा तपासला, अक्षरी रक्कम दोनदा वाचली.

"पानं किती होती?"

"तीन."

"म्हणजे पानामागे पाचशे." त्यांनी मान हलवली. मग थोड्या वेळाने विचारले, "चित्रं धरून?"

"हो. सहा चित्रं होती."

अण्णांनी चेक माझ्या हातात परत दिला.

"चित्रांचे निराळे मागायचेस," ते म्हणाले.